मतदानाची सुटी : दान की देणे?

नगरपालिकेची निवडणूक आली, की त्या दिवशी सार्वजनिक सुटी द्यावी किंवा नाही या प्रश्नाची चर्चा आपल्याकडे चार दिवस होते आणि मतमोजणीच्या गुलालाबरोबर विरून जाते. १५ जानेवारी २०२६ रोजी, गुरुवारी, मुंबई-पुण्यासह महाराष्ट्रातील २९ महानगरपालिकांसाठी मतदान झाले आणि राज्य सरकारने त्या त्या शहरापुरती सार्वजनिक सुटी जाहीर केली. अशा सुटीविषयी नेहमी दोन मते असतात. एक पक्ष म्हणतो, बरे झाले, आता मतदारास सबब उरली नाही. दुसरा म्हणतो, मत देण्यास अर्धा तास पुरतो. तेवढ्यासाठी सबंध शहराचे दिवसभराचे काम बंद ठेवणे हा निव्वळ अपव्यय होय. दोन्ही पक्ष हा प्रश्न सोयीचा समजतात. आमच्या मते तो सोयीचा नसून नीतीचा आहे. माणसाच्या दिवसावर पहिला हक्क कोणाचा, पोट भरणाऱ्या धन्याचा की ज्या गावात तो राहतो त्या गावाचा, असा तो प्रश्न आहे. आणि त्याचे उत्तर सरकारने एक आदेश काढल्याने पुरते मिळत नाही.

प्रथम कायद्याची स्थिती पाहू. लोकप्रतिनिधित्व अधिनियम १९५१ सालचा. त्यात १९९६ साली १३५-ब हे कलम घालण्यात आले. त्यान्वये धंदा, व्यापार, कारखाना अथवा अन्य आस्थापना यांत नोकरीस असलेल्या मतदारास मतदानाच्या दिवशी भरपगारी सुटी मिळते. रोजंदारीवर काम करणाऱ्यासही त्या दिवसाची मजुरी द्यावी लागते. आणि हे न करणारा मालक पाचशे रुपयांपर्यंतच्या दंडास पात्र होतो. परंतु हे कलम लोकसभेच्या व विधानसभेच्या निवडणुकांपुरते आहे. ग्रामपंचायती, जिल्हा परिषदा, नगरपालिका व महानगरपालिका यांच्या निवडणुका १९९२ च्या ७३ व्या आणि ७४ व्या घटनादुरुस्त्यांनी राज्य निवडणूक आयोगाकडे सोपविल्या, आणि त्या या कलमाच्या कक्षेबाहेर राहिल्या. म्हणून प्रत्येक स्थानिक निवडणुकीच्या वेळी राज्य सरकारला सुटीची अधिसूचना नव्याने काढावी लागते. ती निघते १८८१ च्या परक्राम्य संलेख अधिनियमाखाली, म्हणजे सोप्या भाषेत हुंड्या, वचनचिठ्ठ्या आणि धनादेश यांच्या कायद्याखाली. ज्या दिवशी पेढ्या बंद असतील त्या दिवशी हुंडीची मुदत भरली तर काय करावे, हे ठरविण्यासाठी 'सार्वजनिक सुटी' या शब्दाची तेथे व्याख्या केलेली आहे. नागरिकाच्या सर्वांत जवळच्या मताधिकारास सवड मिळते ती अशी सावकारी कायद्याच्या ओसरीवरून! पेढ्या आणि कचेऱ्या त्या दिवशी निश्चित बंद होतात. पण वाण्याच्या दुकानातील नोकर, खानावळीतला पोऱ्या, इमारतीवर विटा वाहणारी बाई यांच्यापर्यंत ती सुटी पोचेलच, असे त्या व्याख्येत काही नाही. त्यांच्यासाठी सरकार वेगळी परिपत्रके काढते. ती पाळली गेली की नाही, हे पाहावयास मात्र त्या एका दिवशी कोण हिंडणार?

हा विषय पूर्वी निघाला नाही, याचे कारणही ध्यानात घेण्यासारखे आहे. १८७२ च्या कायद्याने मुंबईच्या नगरसंस्थेत लोकनियुक्त सभासदांस प्रथम जागा मिळाली, तेव्हा मत होते ते कर भरणाऱ्यांस. १८८२ च्या मे महिन्यात लॉर्ड रिपन यांनी स्थानिक स्वराज्याचा सुप्रसिद्ध ठराव केला आणि लोकांचे राजकीय शिक्षण हा या संस्थांचा मुख्य हेतू असल्याचे त्यात सांगितले. तरीही त्या शिक्षणाच्या वर्गात प्रवेश होता तो मालमत्तेच्या दाखल्यावर. वकील, व्यापारी, इनामदार, घरमालक हे त्या काळचे मतदार. त्यांस मतदानासाठी कोणाची रजा मागावी लागत नव्हती. ज्यास मत होते त्यास वेळही होता. पुढे प्रौढ मताधिकार आला आणि ज्याच्याजवळ विकावयास आपल्या श्रमांवाचून दुसरे काही नाही, त्याच्याही हाती मत आले. पण वेळ मात्र त्याने सकाळीच विकलेला होता. मत एकाच्या मालकीचे आणि मतदानाचा दिवस दुसऱ्याच्या मालकीचा, अशी ही चमत्कारिक विभागणी प्रौढ मताधिकाराबरोबरच जन्मास आली. सुटीचा प्रश्न हा त्या विभागणीचा प्रश्न आहे.

हा पेच आपणांस नवा असला तरी जगास नवा नाही. अथेन्सच्या लोकसत्तेत नागरिकांची सभा प्निक्स नावाच्या टेकडीवर भरत असे, आणि लोक मात्र खाली बाजारात गप्पा छाटीत रेंगाळत. तेव्हा तांबड्या रंगात भिजविलेली दोरी दोन्ही बाजूंनी ताणून धरून त्यांना टेकडीकडे हाकीत नेत. त्या दोरीला चुकविणाऱ्या नागरिकांची थट्टा ॲरिस्टोफेनीसने इसवी सनापूर्वी ४२५ मध्ये रंगभूमीवर आलेल्या आपल्या प्रहसनात केली आहे. ४०३ मध्ये लोकसत्ता पुन्हा स्थापन झाल्यानंतर अथेन्सने निराळा उपाय योजिला. सभेस येणाऱ्यास रोख वेतन देण्यास आरंभ झाला; प्रथम एक ओबोल, मग दोन, मग तीन. ज्याचा दिवस बुडाला की चूल बुडते, त्याने सभेत बसावे असे वाटत असेल, तर चुलीची काळजी नगराने घेतली पाहिजे, हा त्यातील भाव. दोरीकडून ओबोलाकडे झालेले हे संक्रमण आम्हांस फार अर्थपूर्ण वाटते. दोरी नागरिकाला कामचुकार समजते. ओबोल त्याला गरजू समजतो.

अशा वेतनावर त्या काळीही आक्षेप होताच. पेरिक्लीसने लोकांस सार्वजनिक कामासाठी पैसे देण्याची चाल पाडून अथेन्सकरांना आळशी, बडबडे आणि लोभी बनविले, असा आरोप प्लेटोच्या 'गॉर्जियस' या संवादात आढळतो. आजचे आक्षेपकही याच वंशातले. कर्तव्याचे मोल घेतले की ते कर्तव्य राहत नाही. मतदान ही निष्ठेची गोष्ट असून तीसाठी सुटीचे आमिष दाखविणे हा निष्ठेचा अपमान होय, असे ते म्हणतात. हा आक्षेप वरवर उदात्त दिसतो. परंतु तो कोण घेतो हे पाहिले म्हणजे त्यातील उदात्तपणा बराच उतरतो. ज्याला अकरा वाजता कचेरीत पोचले तरी चालते, जो मनात येईल तेव्हा तासभर बाहेर जाऊन येऊ शकतो, त्याला निष्ठा फुकट पडते. महाराष्ट्रातील महानगरपालिकांचे मतदान सकाळी साडेसात ते सायंकाळी साडेपाच या वेळात होते. सहाच्या गाडीने घर सोडणारा आणि रात्री आठला परतणारा माणूस आपली निष्ठा कोणत्या घटकेस सिद्ध करणार? त्याने एक दिवसाची मजुरी टाकून मत द्यावे, असे म्हणणे म्हणजे गरिबाच्या मतावर श्रीमंताच्या मतापेक्षा जास्त कर बसविणे होय. मतावर उघड कर बसविला तर आपण सारे संतापून उठू. हा झाकलेला कर मात्र आपल्याला दिसतसुद्धा नाही.

म्हणून आमचे पहिले म्हणणे हे, की मतदानाच्या दिवसाची सुटी हे सरकारचे दान नव्हे, ते लोकांचे देणे आहे. देशाने ज्यास मत दिले त्यास ते वापरण्यापुरता वेळ देणे त्या देणगीतच अंतर्भूत आहे. कुलूप एकाच्या हाती आणि किल्ली दुसऱ्याच्या, याला कोणी घराची मालकी म्हणत नाही.

दुसरा आक्षेप व्यवहारचतुरांचा. सुटी देऊनही लोक मत देत नाहीत, असे ते म्हणतात, आणि यात तथ्य आहे. मुंबई महानगरपालिकेच्या २०१७ च्या निवडणुकीत सुमारे ५५ टक्के व २०२६ मध्ये सुमारे ५३ टक्के मतदान झाले. दोन्ही दिवशी सुटी होती. दक्षिण कोरियात स्थानिक निवडणुकीचा दिवस सार्वजनिक सुटीचा असतो. तेथे २०२२ च्या मार्च महिन्यात अध्यक्षाच्या निवडणुकीत सुमारे ७७ टक्के मतदान झाले आणि त्याच वर्षी जूनमध्ये स्थानिक निवडणुकांत अवघे ५१ टक्के. सुटी तीच, माणसे तीच, ऋतू काय तो पालटला! तेव्हा सुटीने मतदान वाढतेच, असा दावा करण्याचे धाडस आम्ही करणार नाही. पण देणे फेडावयाचे ते घेणारा त्या पैशाचा सदुपयोग करील या अटीवर नव्हे. नोकराचा पगार तो उधळील म्हणून अडवून ठेवणारा धनी शहाणा ठरत नाही, लबाड ठरतो.

कोणी असेही सुचवितात, की सुटी कशास, मतदान रविवारी ठेवावे. फ्रान्समध्ये नगरसंस्थांची निवडणूक रविवारीच होते. इंग्लंडात स्थानिक निवडणुका गुरुवारी होतात, सुटी नसते, पण मतदान सकाळी सातपासून रात्री दहापर्यंत, म्हणजे पंधरा तास, चालते. हे दोन्ही मार्ग विचारार्ह आहेत, आणि आपल्याकडे मतदानाची वेळ रात्रीपर्यंत वाढविता आली तर आम्हांस संतोषच वाटेल. परंतु रविवार हा कोणाचा सुटीचा वार? कचेरीतल्या माणसाचा. हॉटेलातल्या, दुकानातल्या, रिक्षावाल्याच्या, घरोघर जिन्नस पोचविणाऱ्या मुलाच्या पंचांगात रविवार हा सर्वांत जास्त राबण्याचा वार असतो. आमच्या विसाव्याचा दिवस हा त्यांच्या कष्टाचा दिवस असतो, ही गोष्ट पुढे पुन्हा येणार आहे. म्हणून वाचकांनी ती ध्यानात ठेवावी.

स्थानिक निवडणुकांसाठीच एवढा आग्रह का, असेही कोणी विचारील. दिल्लीचे सरकार कोणाचे, हा प्रश्न मोठा खरा; पण नळाला पाणी किती वाजता येते, गटार कोणत्या पावसात तुंबते, म्युनिसिपालटीच्या शाळेत मास्तर आहे की नाही, दवाखान्यात औषध मिळते की चिठ्ठीच मिळते, हे ज्यांच्या हाती ते आपल्याच प्रभागातले असतात. श्रीमंताला या गोष्टी विकत घेता येतात. तो टँकर मागवितो, खासगी शाळा निवडतो. गरिबाला त्या केवळ मतानेच मिळविता येतात. शिवाय स्थानिक निवडणुकीत एका मताचे वजन प्रत्यक्ष तागडीत दिसते. २०१७ साली मुंबईच्या २२० क्रमांकाच्या प्रभागात दोन उमेदवारांस समसमान मते पडली आणि निकाल चिठ्ठी टाकून लावावा लागला. त्या प्रभागातील एकाही माणसास त्या दिवशी कामामुळे केंद्रावर जाता आले नसेल, तर त्याच्या वाट्याचा निर्णय दैवाने घेतला, असेच म्हणावे लागेल.

येथे सरकारलाही दोन शब्द ऐकविणे प्राप्त आहे. मुंबई महानगरपालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. मुदत संपण्यापूर्वी निवडणूक घ्यावी, असे संविधान सांगते. पण आरक्षणाचे व प्रभागरचनेचे वाद न्यायालयात अडकून पडले, सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये चार महिन्यांच्या आत निवडणुका घेण्यास बजाविले, आणि मतदान झाले ते जानेवारी २०२६ मध्ये. जवळजवळ चार वर्षे देशातल्या सर्वांत धनाढ्य महानगरपालिकेचा कारभार लोकनियुक्त सभासदांवाचून प्रशासकाने पाहिला. चार वर्षांचे मुद्दल थकवून एका दिवसाच्या सुटीचे व्याज उदारपणे चुकते करणे, याला सावकारी शिरस्त्यातही फेड म्हणत नाहीत.

परंतु सरकारला बोल लावून मोकळे होणे सोपे आहे, आणि आमचा मुख्य मुद्दा तो नव्हे. अथेन्सच्या त्या टेकडीकडे पुन्हा एकदा पाहू. ओबोल घेऊन सभेत बसलेल्या नागरिकाच्या घरी त्या वेळी दळण, पाणी, स्वयंपाक कोण करीत होते? स्त्रिया आणि गुलाम. त्यांना मत नव्हते. एकाच्या नागरिकत्वास लागणारी सवड दुसऱ्याच्या श्रमांतून निघत होती, आणि त्या थोर लोकसत्तेला त्यात काही वावगे वाटले नाही. आमच्या लोकसत्तेत मत सर्वांस आहे. मग आमची सवड कोणाच्या श्रमांतून निघते?

सुटीच्या दिवशी मध्यमवर्गीय घरात काय घडते, हे आम्ही वाचकांस सांगावयास नको. सकाळी सावकाश उठणे होते, मत देऊन आल्यावर बोटाची शाई एकमेकांस दाखविली जाते, दुपारी काही गोडधोड होते, संध्याकाळी पाहुणे येतात. या सर्वांमागे पोळ्या करणारी, भांडी घासणारी, केर काढणारी एक बाई असते आणि तिचे काम त्या दिवशी हलके होण्याऐवजी वाढलेले असते. तीही मतदार आहे. १९९६ चे कलम धंदा, व्यापार व आस्थापना यांच्याविषयी बोलते. आपले स्वयंपाकघर ही आस्थापना आहे, असे कोणी समजत नाही. महाराष्ट्राने २००८ साली घरेलू कामगारांच्या कल्याण मंडळाचा कायदा केला, त्यात नोंदणी आहे, साहाय्याच्या योजना आहेत. पण मतदानाच्या दिवशी तिला सवड कोणी द्यावयाची, हे त्याने घराच्या धन्याच्या सद्बुद्धीवर सोडले आहे. आणि सद्बुद्धी असलेली सुशिक्षित माणसेही म्हणतात, "आम्ही कोठे अडविले? तिने मागितली असती तर दिली असती."

हे उत्तर प्रामाणिक असेल; पुरेसे नाही. या बाईची अडचण तिच्या धन्यांपैकी कोणा एकाच्या लक्षातच येत नाही. कारखान्यातील मजुराचा मालक एक असतो. त्याने परवानगी दिली की काम झाले. हिची घरे चार असतात. प्रत्येक घर म्हणते, "तासभर उशिरा ये, हरकत नाही." पण पहिल्या घरचा तास दुसऱ्या घरच्या वेळेवर चढतो, दुसऱ्याचा तिसऱ्यावर, आणि चारही घरांचा उदारपणा एकत्र केला तरी त्यातून मतदान केंद्रावरच्या रांगेत उभे राहण्यापुरता सलग अवधी निघत नाही. चार घरांनी तास तास देऊन ती मोकळी होत नाही. चौघांनीही त्या दिवसाचे काम आपण होऊन आपल्या हाती घेतले तरच ती मोकळी होते. आणि तिने मागावे कसे? मागणाराला नकार मिळाला तर केवळ रजा जात नाही, मर्जीही जाते, हे ती जाणून असते. तेव्हा न मागता द्यावयाची ही गोष्ट आहे. 'उद्या येऊ नकोस, पगार कापणार नाही, मत देऊन ये. कोणाला ते तुझे तू ठरव,' एवढे वाक्य बोलावयास कायद्याची गरज लागत नाही. शेवटचा भागही बोलावयास विसरू नये. सवड देणाऱ्याने मताचीही अपेक्षा धरली, तर ती सवड राहत नाही, लाच होते.

जी गोष्ट तिची तीच पहारेकऱ्याची, मोटार हाकणाऱ्याची, आणि बोट टेकविताच दहा मिनिटांत भाजी घेऊन दारात उभ्या राहणाऱ्या मुलाची. मतदानाच्या दिवशी आपण जितकी सेवा मागवू तितकी माणसे आपण केंद्राच्या रांगेतून ओढून काढू. एक दिवस घरचा वरणभात खाल्ल्याने कोणाचे काही बिघडत नाही.

आणि ज्यास सुटी मिळाली त्याचे काय? त्याच्या हाती आलेला दिवस ही ठेव आहे. ठेव ज्या कामासाठी दिली त्याच कामी लावावी, हा सामान्य नीतीचा नियम. मत देऊन उरलेला दिवस त्याने खुशाल आपल्या सुखात घालवावा. पण आदल्या रात्रीच सामान बांधून थंड हवेच्या ठिकाणी पळणारा मनुष्य लोकांच्या पैशाने यात्रा करतो. तरीही त्यास कायद्याने खेचून आणावे, या मताचे आम्ही नाही. गुजरातच्या विधानसभेने २००९ साली स्थानिक निवडणुकांत मतदान सक्तीचे करण्याचे विधेयक मंजूर केले. त्यास राज्यपालांची संमती मिळाली ती २०१४ मध्ये, आणि २०१५ मध्ये उच्च न्यायालयाने त्याच्या अंमलबजावणीस स्थगिती दिली. ती तांबडी दोरीच नव्या रूपाने आली होती. आधी ओबोल द्यावा, मग नागरिकाच्या नावाने बोटे मोडावी. ओबोल न देताच दोरी ताणणे हे ज्याला वेळ नाही आणि ज्याला इच्छा नाही अशा दोघांना एकाच दावणीस बांधणे होय.

सारांश, स्थानिक निवडणुकीच्या दिवशी भरपगारी सुटी असावी, ती दरवेळच्या अधिसूचनेवर न सोडता लोकसभेच्या निवडणुकीप्रमाणे कायद्यातच लिहिलेली असावी, आणि मतदानाची वेळ कष्टकऱ्याच्या दिनक्रमास पुरेल एवढी असावी, असे आमचे मत आहे. परंतु कायदा कितीही चांगला केला तरी तो कारखान्याच्या फाटकाशी थांबतो. घराच्या उंबरठ्याच्या आत त्याची सत्ता फारशी चालत नाही. तेथे सत्ता आपली. सरकारने आपल्याला काय द्यावे, याचा हिशेब सुशिक्षित माणूस बिनचूक मांडतो. सरकारच्या जागी आपण स्वतः बसलेलो असतो तेव्हा आपण कोणाला काय देणे लागतो, हा हिशेब त्याच वहीच्या दुसऱ्या पानावर मांडावयाचा असतो. आणि आपल्या गावचे स्वराज्य खरे की नावाचे, हे त्या दुसऱ्या पानावरून ठरते.